नमुना क्रमांक एकोणनव्वद

‘हाताने केलेली दुरुस्ती असलेला निबंध विचारात घेतला जाणार नाही,’ हा अकरावा नियम देवीदास मेश्रामने पहिल्यांदा वाचला, तेव्हा त्याला तो अगदी योग्य वाटला. छापायला पाठवायचं तर माणसाने स्वच्छ पाठवावं, अशी त्याची साधी समजूत. या एका ओळीने आपले पुढचे नऊ दिवस खाऊन टाकायचं ठरवलं आहे, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

देवीदास पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत ज्युनिअर केमिस्ट होता. साल एकसष्ट. भिलाईत तेव्हा अर्ध्या गोष्टी उभ्या होत्या आणि अर्ध्या उभ्या राहत होत्या. सेक्टरांना नंबर मिळाले होते, झाडं मिळायची होती, आणि सकाळी घातलेला पांढरा शर्ट दुपारच्या जेवणापर्यंत विटकरी होत असे. अशा धुळीत बसून देवीदासने वर्षभर खपून इंग्रजीत चौदा पानांचा निबंध लिहिला होता.

निबंधाचा विषय सोपा करून सांगायचा तर असा. भट्टीतून निघालेल्या लोखंडाचा नमुना घेतात, तो थंड करतात आणि त्यात गंधक किती आहे ते प्रयोगशाळेत मोजतात. कोणी तो पाण्यात बुडवून थंड करतं, कोणी तसाच हवेत ठेवून देतं. देवीदासने काय केलं, तर प्रत्येक नमुन्याचे दोन तुकडे केले, एक पाण्याच्या बादलीत टाकला, दुसरा हवेत ठेवला आणि दोन्हींतलं गंधक मोजलं. असे बारा नमुने, अठ्ठ्याहत्तरपासून एकोणनव्वदपर्यंत. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की थंड करण्याच्या पद्धतीमुळे गंधकाच्या आकड्यात फरक पडतो.

खरं म्हणजे बारांपैकी दहा नमुन्यांत काहीच दिसलं नव्हतं. पण एकोणऐंशी आणि एकोणनव्वद या दोघांत फरक चांगला ठसठशीत होता, आणि दोघांत अगदी सारखा होता. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या दोन नमुन्यांनी एकच साक्ष द्यावी, याने देवीदास इतका हरखला होता, की अकराव्या पानावर त्याने या ‘विलक्षण साम्या’बद्दल एक अख्खा परिच्छेद लिहिला होता.

निबंध कलकत्त्याच्या एका धातुविद्या परिषदेला पाठवायचा होता. तिथे तो स्वीकारला गेला तर छापून येणार होता. एप्रिलमध्ये सिनिअर केमिस्टच्या जागेसाठी बोर्ड बसणार होतं, आणि छापील निबंध असलेल्या माणसाकडे बोर्ड वेगळ्या नजरेनं बघतं, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी सुचवूनही ठेवलं होतं. पण जागेपेक्षा देवीदासला हवं होतं ते छापील नाव. त्याच्या घराण्यात आजवर कोणाचंच नाव कुठे छापून आलं नव्हतं. वडिलांचं नाव रेल्वेच्या हजेरीपटावर होतं, पण तेही शाईनं लिहिलेलं, आणि मात्रा चुकलेलं.

टायपिंगचं काम देवरावजींकडे आलं. देवरावजी मूळचे आर्वीचे, प्रयोगशाळेच्या ऑफिसात क्लार्क, वयाने देवीदासपेक्षा वीस वर्षांनी मोठे, आणि नियम या गोष्टीवर त्यांचं मनापासून प्रेम. त्यांनी परिषदेचे सतरा नियम टाइपरायटरच्या समोर भिंतीला डकवले, शेजारी फूटपट्टी ठेवली आणि कामाला लागले. डाव्या हाताला दीड इंच समास, दोन ओळींत एका ओळीची जागा, एकूण चार प्रती. तीन दिवसांत चौदा पानं झाली. देवीदासने मोठ्या उत्सुकतेनं पहिलं पान हातात घेतलं. कूलिंग म्हणजे थंड करणं. निबंधाच्या नावात हा एकच काय तो महत्त्वाचा शब्द. पानाच्या डोक्यावर लिहिलेलं होतं, ‘लोखंडाच्या नमुन्यांतील गंधकावर कुकिंगचा परिणाम’.

“देवरावजी, कुकिंग म्हणजे स्वयंपाक.”

“एका अक्षराचा फरक हाय,” देवरावजी शांतपणे म्हणाले. “मशीनवर एल आणि के बाजूबाजूला बसतेत. बोट हाय माणसाचं, सरकते.”

“पण हे कलकत्त्याला जाईल ना जी.”

“मंग बदलू. पण नियम अकरा म्हंते का हातानं बदलवाचं नाई. म्हंजे पान पुन्हा मारा लागते.”

पान पुन्हा मारलं. ते मारताना समास दोन सूत जास्त धरला गेला, त्यामुळे शेवटची ओळ पहिल्या पानात मावेना. ती दुसऱ्या पानावर गेली, दुसऱ्याची शेवटची तिसऱ्यावर, आणि असं करत करत निबंध चौदाव्या पानावरून पंधराव्यावर गेला. नियम चार: पानं चौदाच. सगळा निबंध पुन्हा टाइप करावा लागला. ही दुसरी आवृत्ती.

दुसऱ्या आवृत्तीत कुकिंग गेलं, पण सल्फरचं स्पेलिंग पहिल्या सात पानांत एक आणि पुढच्या सात पानांत दुसरं निघालं. देवीदासने कारण विचारलं. सातवं पान झाल्यावर साहेबांच्या टेबलावरचं एक अमेरिकन पुस्तक आपल्या नजरेस पडलं, असं देवरावजींनी सांगितलं. त्यात पी-एचच्या जागी एफ होता आणि तो त्यांना बरा वाटला. शिवाय त्यात एक अक्षर वाचत होतं. देवीदासने डोक्याला हात लावला. तिसऱ्या आवृत्तीत स्पेलिंग सगळीकडे एक झालं, तर सहाव्या पानाखालचा कार्बन उलटा लागला, आणि मूळ प्रतीच्या पाठीवर तेच सहावं पान आरशात पाहावं तसं उमटलं. त्याच आवृत्तीत आठव्या पानानंतर एकदम दहावं पान आलं होतं. नववं पान हरवलं नव्हतं. देवरावजींच्या हातून नऊ हा आकडाच सुटला होता.

एक चूक काढायला जावं आणि दोन घेऊन परत यावं, असं चाललं होतं. देवीदासला रात्री जेवण जाईना. रस्त्याने जाताना तो दुकानांच्या पाट्यांमधल्या चुका मोजू लागला. ललिता, म्हणजे त्याची बायको, त्याला भाजीत मीठ बरोबर आहे का विचारायची, तर तो “कोणत्या पानावर?” असं विचारायचा. आणि इकडे दिवस संपत चालले होते. निबंध मंगळवारी संध्याकाळी दुर्गच्या स्टेशनवरून मेलने निघाला नाही, तर तो मुदतीत कलकत्त्याला पोहोचणार नव्हता, आणि मग पुढचं सगळं वर्ष नुसतं धुळीत बसायचं होतं.

शनिवारी चौथी आवृत्ती तयार झाली. देवीदासने ती तीनदा वाचली. चूक सापडली नाही. आपली नजरच मेली असेल, या भीतीने त्याने ती घरी आणली. रविवारी सकाळी आठव्या पानावरचा आकड्यांचा तक्ता आणि आपली मूळ वही ललितेच्या हातात दिली, एकेक आकडा मिळवून बघायला सांगितलं आणि स्वतः अंगणात दाढी करायला बसला.

ललिता सातवी शिकलेली होती, आकडे तिला चांगले येत. ती दोन ओळी वाचते तोच तिचे सासरे टिकाराम पलीकडच्या खोलीतून बाहेर आले. टिकाराम गोंदियाच्या यार्डात नंबर टिपणारे म्हणून रिटायर झाले होते. यार्डात आलेल्या मालगाडीच्या कडेने चालत जायचं आणि एकेका डब्याचा नंबर वहीत उतरवायचा, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं. इंग्रजी वाचता येत नव्हतं. इंग्रजी आकडे आणि सुटी अक्षरं मात्र ते चालत्या गाडीवरची वाचत.

“नंबर मिळवून राहिली का?” त्यांनी विचारलं.

“हो, मामाजी. यायनं सांगतलं.”

“अन् मी घरात असून तुले कावून सांगतलं?”

टिकारामांनी चष्मा लावला, टाइप केलेलं पान स्वतःकडे घेतलं, वही ललितेकडे ठेवली आणि यार्डातल्यासारखं खणखणीत आवाजात सुरू केलं, “शून्य, शून्य, चार, सहा.”

“मामाजी, पयल्या शून्याच्या मागं टिंब हाय.”

“डब्याच्या नंबरात टिंब नसते, बाई.”

“हा डबा नोहोय.”

“मंग काय हाय?”

“गंधक.”

टिकारामांनी यावर थोडा विचार केला आणि गंधकाला टिंब असायला हरकत नाही असं ठरवलं. पुढे ते प्रत्येक टिंब इतक्या जोरात म्हणू लागले की शेजारच्या क्वार्टरमधून कोणीतरी डोकावून गेलं. अकरा ओळी बिनचूक मिळाल्या. बारावी ओळ त्यांनी अर्धी वाचली आणि ते थांबले. त्यांचं बोट वर सरकत दुसऱ्या ओळीवर गेलं, पुन्हा खाली आलं, पुन्हा वर गेलं.

“देवीदास,” त्यांनी हाक मारली, “हा डबा दोनदा लागला हाय.”

देवीदास एका गालाला साबण तसाच ठेवून आत आला. “कोणता डबा, बाबा?”

“हा दोन नंबरचा अन् हा शेवटचा.”

“ते दोन वेगळे नमुने हायेत. एक एकोणऐंशी, एक एकोणनव्वद.”

“नंबर वेगळा हाय, मी कुठं नाई म्हंतो? पण पुढचे सहा खाने पाह्य. सहाच्या सहा सारखे. तीस वरसं यार्डात काढली म्या, दोन डबे सारखे असतच नाईत. सारखे दिसले का समजाचं, डबा एकच हाय अन् कोनीतरी नंबर चुकवला हाय.”

देवीदासला हसू आलं. अडाणी माणसाला विज्ञान समजावून सांगताना सुशिक्षित माणसाला येतं तसलं ते हसू होतं. त्याने सांगितलं की यालाच साम्य म्हणतात, सगळ्या निबंधाचा जीव याच साम्यात आहे आणि अकराव्या पानावर त्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. गंधकाचे दोन्ही आकडे कसे जुळतात ते त्याने दाखवलं. मग पुढचा खाना दाखवला. मग त्याच्या पुढचा. हा खाना तुकड्याच्या वजनाचा होता, आणि तेही जुळत होतं, ग्रॅमच्या तिसऱ्या अंकापर्यंत. इथे देवीदासचा आवाज हळू झाला. वेगवेगळ्या दिवशी हाताने फोडलेले लोखंडाचे दोन तुकडे ग्रॅमच्या तिसऱ्या अंकापर्यंत एका वजनाचे कसे असतील, हा प्रश्न वर्षभरात त्याने स्वतःला एकदाही विचारला नव्हता. गालावरचा साबण वाळत गेला, तरी तो तसाच उभा राहिला.

देवरावजींची चूक असेल म्हणून त्याने वही पाहिली. वहीतही तेच होतं, त्याच्या स्वतःच्या अक्षरात. आणि मग त्याला तो दिवस आठवला. तपासणीच्या कार्डाच्या दोन प्रती निघायच्या. एक प्रत प्रयोगशाळेत राहायची, दुसरी भट्टीवर जाऊन परत यायची, आणि देवीदास महिनाअखेर या कार्डांवरून वहीत आकडे उतरवायचा. एकदा परत आलेल्या एका कार्डावरचा नंबर तेलाने पुसला होता, म्हणून त्याने भट्टीवर फोन लावून विचारला. फोनवर भट्टीवरचे नमुने घेणारा बिसाहू होता. भट्टीच्या घरघरीत त्याने हिंदीत एक आकडा सांगितला आणि देवीदासला तो ‘नवासी’ ऐकू आला. हिंदीतला नवासी म्हणजे आपला एकोणनव्वद, हे देवीदासने भिलाईला आल्यावर मोठ्या कष्टाने पाठ केलं होतं. त्या पाठांतराचा अभिमान बाळगून त्याने वहीत ८९ लिहिलं होतं.

सोमवारी सकाळी तो भट्टीवर गेला. नमुन्यांच्या नोंदवहीत त्या महिन्याचा शेवटचा नंबर अठ्ठ्याऐंशी होता. एकोणनव्वद नंबरचा नमुना कोणी घेतलाच नव्हता. बिसाहू तिथेच होता आणि त्याला तो फोनही आठवत होता.

“मैं तो उनासी कहे रहेंव, साहेब,” तो म्हणाला. “दू बेर कहेंव.”

त्याने दोनदा सांगितलेला तो उनासी म्हणजे एकोणऐंशी. एकच नमुना, एकच कार्ड, दोन प्रती. ज्या दोन साक्षीदारांवर सगळा खटला उभा होता, ते दोघे एकच निघाले होते. देवीदास भट्टीच्या जिन्यावर बसला आणि त्याने मनातल्या मनात हिशेब केला. एकोणनव्वद गेला की उरले अकरा. अकरांत दहा नमुने म्हणतात की काही फरक पडत नाही आणि एक म्हणतो की पडतो. त्या एकाच्या वेळी बादलीत काय पडलं होतं कोण जाणे. म्हणजे पाणी काय आणि हवा काय, गंधक जेवढं असायचं तेवढंच असतं. वर्षभर राबून, चार वेळा टाइप करून, त्याने जे सिद्ध केलं होतं ते खोटं होतं. त्याला तिथे अक्षरशः रडू आलं, आणि धुरामुळे डोळे चुरचुरतात असं बिसाहूला सांगावं लागलं.

ऑफिसात त्याने देवरावजींना सगळं सांगितलं. देवरावजींनी फूटपट्टी खाली ठेवली आणि आवाज उतरवून सल्ला दिला.

“कलकत्त्याले कोनाले माहीत हाय जी, भिलाईत नवासी झाला का उनासी? टायपिंग स्वच्छ हाय. समास बरोबर हाय. जाऊ द्या.”

सल्ला मोहात पाडणारा होता. देवीदास दुपारी घरी जेवायला गेला तोवर त्याचं मन जवळजवळ तयार झालं होतं. अकराच्या जागी बारा नमुने छापले तर जगाचं असं काय नुकसान होणार होतं? त्याने ललितेला विचारलं. तिने त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि एवढंच विचारलं, “वर तुमचंच नाव राहीन ना जी?” देवीदासने भाकरी अर्धी ठेवली आणि तसाच सायकलवर बसून ऑफिसात परत आला.

आता पूर्ण निबंध बदलायला वेळ नव्हता. त्याने ठरवलं की फक्त तीन पानं बदलायची. आठव्या पानावरच्या तक्त्यातून शेवटची ओळ काढायची, आधी वर्णनात जिथे बारा म्हटलं होतं ते नशिबाने त्याच पानावर होतं, तिथे अकरा करायचं. अकराव्या पानावरचा विलक्षण साम्याचा परिच्छेद उडवायचा. आणि चौदाव्या पानावर निष्कर्षाचं जे एकुलतं एक वाक्य होतं, त्यात फरक पडतो याच्या जागी फरक पडत नाही असं करायचं. इंग्रजीत त्यासाठी एकच शब्द घालावा लागत होता: ‘नॉट’.

साम्याचा परिच्छेद उडवल्यावर अकरावं पान अर्धं कोरं राहिलं. देवरावजींनी भिंतीकडे बोट केलं. नियम सात: मधलं कोणतंही पान अर्धं कोरं असू नये. मंगळवारी सकाळी देवीदासने तिथे भरायला बारा ओळी लिहिल्या, आणि लिहिण्यासारखं दुसरं काही उरलं नसल्यामुळे त्या बादलीबद्दल लिहिल्या. तिची उंची, तिचा घेर, ती कशाची होती, तिला कडी किती होत्या, हे सगळं त्यात आलं. विज्ञानात इतकं खरं त्याने त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

शेवटी चौदावं पान आलं. देवरावजी टाइप करत त्या शब्दापर्यंत आले आणि थांबले.

“नॉट?” त्यांनी विचारलं.

“नॉट,” देवीदास म्हणाला.

“विचार करून सांगा. येवढ्या सगळ्या लिखाणानंतर नॉट?”

“हो, देवरावजी.”

देवरावजींनी सुस्कारा टाकला आणि तीन अक्षरं एकेक करून, बोट सरकू न देता, मारली. देवीदासने ती पानं गठ्ठ्यात घातली, पाकीट शिवलं, लाख लावली आणि सायकल दुर्गच्या दिशेने अशी हाणली की वाटेत दोनदा साखळी पडली. मेल सुटायला वीस मिनिटं असताना रजिस्टर झालं. पावती खिशात ठेवताना त्याला वाटलं होतं की आनंद होईल. तसं काही झालं नाही. काहीच होत नाही असं सांगणारा निबंध कोण छापणार, आणि असल्या लेखकाला बोर्ड कशाला विचारणार? तो स्टेशनबाहेर बराच वेळ सायकल धरून उभा होता. घरी गेल्यावर वडिलांना त्याने एवढंच सांगितलं की तुमच्या म्हणण्याप्रमाणे एक ओळ काढली. टिकारामांनी मान डोलावली आणि विषय संपवला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कलकत्त्याचं पत्र आलं. देवीदासने ते नकाराचंच असणार म्हणून जेवण होईपर्यंत फोडलं नाही. आत लिहिलं होतं की निबंध स्वीकारला गेला आहे. इतकंच नव्हे, तर या वर्षी आलेल्या निबंधांत समास, तक्ते, पृष्ठांक आणि टंकलेखन या बाबतींत इतका निर्दोष निबंध दुसरा नव्हता, आणि साधनांचं, विशेषतः बादलीचं, वर्णन नमुनेदार होतं. देवीदासच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्याने शेवटचा परिच्छेद वाचला.

‘संपूर्ण निबंधात केवळ एक दोष आढळला. पृष्ठ चौदावर निष्कर्षाच्या वाक्यात टंकलेखकाच्या नजरचुकीने एक “नॉट” जास्तीचा पडला होता. आपल्याला तसदी न देता तो आम्ही काढून टाकला आहे. अंक छापून झाला असून आपल्या पंचवीस प्रती सोबत पाठवत आहोत.’

देवीदासने ते पत्र इतक्या वेळा वाचलं की ते घडीवर फाटलं. दुसऱ्या दिवशी देवरावजींनीही वाचलं आणि त्यांना फार लागलं. चार आवृत्त्यांत त्यांच्या हातून कुकिंग झालं होतं, नऊ सुटला होता, कार्बन उलटा लागला होता; त्यातलं काहीच कलकत्त्याला गेलं नाही. आणि जो एक शब्द त्यांनी दोनदा विचारून, जपून मारला, तीच त्यांची चूक म्हणून लेखी आली होती. त्यांनी दोन दिवस देवीदासशी बोलणं बंद ठेवलं.

तोवर एक प्रत साहेबांच्या टेबलावर पोहोचली होती. साहेबांनी नेहमीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचलं आणि त्याच दुपारी हुकूम काढला. श्री. मेश्राम यांच्या संशोधनानुसार नमुना थंड करण्याच्या पद्धतीने आकड्यांत फरक पडतो. सबब यापुढे सर्व नमुने पाण्यातच थंड करावेत. प्रत्येक भट्टीजवळ सिमेंटचं टाकं बांधण्यात येईल, टाक्याचा आकार श्री. मेश्राम यांच्या बादलीच्या प्रमाणात असेल, आणि देखरेख श्री. मेश्राम करतील. देवीदास हुकूम घेऊन धावत साहेबांकडे गेला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला: उनासी, नवासी, नॉट, सगळं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मेश्राम,” ते म्हणाले, “स्वतःच्याच छापील निष्कर्षाच्या विरुद्ध तक्रार घेऊन आलेला लेखक मी पहिल्यांदा पाहतो आहे. विनय चांगला असतो. पण कलकत्त्याला काय अडाणी बसलेत?” आणि त्यांनी पुढची फाइल ओढली. बोर्डाने त्याला सिनिअर केमिस्ट केलं तेव्हा मुलाखतीत एकच प्रश्न विचारला गेला, तो टाक्यांच्या खोलीबद्दल होता.

त्या संध्याकाळी देवीदास घरी आला तेव्हा टिकाराम दारातच एक छापील प्रत मांडीवर घेऊन बसले होते. ललितेने पेटीतून काढून दिली होती. त्यांचं बोट पहिल्या पानावरच्या नावावरून हळूहळू चाललं होतं. डी. टी. मेश्राम.

“हा टी म्हंजे मी ना?” त्यांनी विचारलं.

“हो, बाबा.”

त्यांनी ते अक्षर आणखी थोडा वेळ पाहिलं. मग पानं उलटून तक्ता काढला, ओळी मोजल्या, अकरा भरल्या आणि समाधानाने चष्मा सारखा केला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी शेवटचं पान उघडून देवीदाससमोर धरलं आणि म्हणाले, “हे वाचून दाखव. आपल्या बोलीत. येवढं लिहून काय निघालं थे तं मले कळू दे.”

देवीदासने त्या वाक्याकडे पाहिलं. तिथे जे छापलं होतं ते वाचायला त्याची जीभ उचलेना. शेवटी त्याने जे स्वतः लिहिलं होतं, जे देवरावजींनी दोनदा विचारून टाइप केलं होतं आणि दुर्गच्या मेलमध्ये जे चढलं होतं, तेच वाचलं.

“पाण्यात थंड करा का हवेत करा,” तो म्हणाला, “काही फरक पडत नाही.”

टिकारामांनी पानाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मग सगळी पानं अंगठ्याखालून पुन्हा एकदा सरकवली.

“काही फरकच पडत नाई,” त्यांनी विचारलं, “तं मंग येवढी पानं कावून लिवली रे?”

देवीदासने त्यांच्या हातातून प्रत घेतली आणि पेटीत ठेवायला तो आत गेला.